तळ्यातले मासे मेले, पाण्यात जिवाणू वाढलेत: जंतुनाशक टाकावं का?

तुम्ही जे लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर कळेल. तळं २० मीटर लांब, १५ मीटर रुंद, सरासरी दीड मीटर खोल. दोन महिन्यांपूर्वी तुम्ही त्यात बरेच लहान मासे सोडले आणि तेव्हापासून रोज अंदाजे अर्धा किलो खाद्य टाकता. तीन आठवड्यांपासून पाणी हिरवंगार आहे. दोन दिवस आभाळ भरलेलं होतं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मासे मरून तरंगताना दिसले. दुपारी तुम्ही पाणी तपासायला दिलंत, अहवालात जिवाणूंची संख्या ‘अतिशय जास्त’ आली. मग कोणीतरी सांगितलं की जिवाणू दर २० मिनिटांनी दुप्पट होतात, त्यांनीच अन्नसाखळी बिघडवली, जंतुनाशक टाकून त्यांना संपवा, तळं ताळ्यावर येईल.

टाकू नका. निदान आठवडाभर तरी हात आवरा. त्या आठवड्यात काय करायचं तेही सांगते, पण आधी कारण समजून घ्या. कारण कळलं नाही तर महिन्याभरानं पुन्हा तुम्हाला तीच बाटली आठवेल.

तुम्ही विचारताय जिवाणू मारायचे कसे. मला मात्र दोन वेगळेच प्रश्न पडले: हे जिवाणू खातायत काय, आणि दोन महिन्यांपूर्वीपर्यंत तुमच्या तळ्याला हिरवं होऊ न देणारं कोण होतं?

मी तुमचं पाणी पाहिलेलं नाही, त्यामुळे एक शक्यता आधी बाजूला काढायला हवी. मासे ऑक्सिजन संपून मरतात तेव्हा ते बहुधा पहाटे मरतात, सगळ्या जातींचे एकदम मरतात आणि मोठे मासे आधी जातात. त्याआधीच्या एकदोन पहाटे ते पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करत असतात. रोग असेल तर मरतूक काही दिवस थोडी थोडी चालते, बऱ्याचदा एकाच जातीत, आणि अंगावर जखमा, डाग, झडलेले पर दिसतात. विषारी काही पाण्यात उतरलं असेल तर वेळकाळ नसतो आणि लहान मासेही लगेच बळी पडतात. तुम्ही दिलेलं वर्णन पहिल्या प्रकाराशी जुळतं. मेलेल्या माशांत मोठे किती, लहान किती हे आठवून पाहा. जवळपास कुठे कीटकनाशकाची फवारणी झाली असेल, तर मात्र खालचं सगळं थोडं राखून वाचा.

आता त्या २० मिनिटांबद्दल. आकडा खोटा नाही. ई. कोलायसारखा जिवाणू ३७ अंशांवर, भरपूर पोषण असलेल्या द्रावणात, हवा खेळती असताना २० मिनिटांत दुप्पट होतो. एका पेशीपासून सुरुवात केली तर २४ तासांत ७२ वेळा दुपटी होते आणि पेशींची संख्या ४७ वर वीस शून्यं इतकी भरते. एका पेशीचं वजन एका ग्रॅमच्या एक लाख-कोटीव्या भागाएवढं धरलं, तरी हा ढीग ४,७०० टनांचा होतो. आणखी २४ तास तोच वेग टिकला तर त्याचं वजन पृथ्वीच्या तीन हजार पटींहून जास्त भरेल. तसं कधीच होत नाही. म्हणून वेगाच्या आकड्याला घाबरण्याआधी वाढ थांबते कशानं, ते बघायला हवं.

प्रयोगशाळेत नवीन येणाऱ्याला मी पहिल्या आठवड्यात एकच काम देते. संध्याकाळी कोऱ्या चहासारखं पारदर्शक पोषक द्रावण दोन चंबूंत घ्यायचं, दोन्हींत थेंबभर जिवाणू सोडायचे, एक चंबू हलत्या यंत्रावर ठेवायचा आणि दुसरा शेजारी स्थिर. पहिला तासभर काहीच दिसत नाही. जिवाणू नव्या जागेला सरावत असतात, लागणारी विकरं तयार करत असतात. ही लॅग फेज. मग द्रावण बघता बघता गढूळ होत जातं, इथे खरी दुप्पट-दुप्पट चालते. ही लॉग फेज. सकाळी येऊन पाहिलं तर हलता चंबू दाट गढूळ झालेला असतो, मिलिलिटरमागे अब्जभर पेशी. स्थिर चंबू त्यापेक्षा बराच फिका. द्रावण तेच, जिवाणू तेच, फरक फक्त आत मिसळणाऱ्या हवेचा. आणि दुपारपर्यंत ठेवले तरी दोन्हींतला गढूळपणा फारसा वाढत नाही. अन्न संपलं, ऑक्सिजन अपुरा पडला, स्वतःच टाकलेल्या आम्लांनी परिसर बिघडला. वाढ आणि मरण यांची बरोबरी होते, पुढे मरण वरचढ ठरतं.

झाक मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९४० च्या दशकात हे मोजून दाखवलं. द्रावणात साखर किती घातली, त्या प्रमाणात जिवाणूंचं पीक येतं. साखर दुप्पट, पीक दुप्पट. माझ्या सगळ्या कामाचा पाया हाच आहे: जिवाणू किती वाढले हा आकडा म्हणजे त्यांना किती अन्न मिळालं याची पावती.

तळ्यात तर चंबूसारखी मेजवानी नसते. तिथल्या बहुतेक जिवाणूंना दुप्पट व्हायला एक दिवस ते कित्येक दिवस लागतात. तरीही चांगल्या, निरोगी तळ्याच्या एका मिलिलिटरमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली साधारण दहा लाख जिवाणू सापडतात. हो, निरोगी तळ्याच्या. प्रयोगशाळेत बशीवर वसाहती वाढवून जी मोजणी होते तिच्यात यांतला एक टक्काही धड उगवत नाही, त्यामुळे तुमच्या अहवालातला आकडा नेमकं काय सांगतो याबद्दल मी सावध राहीन. दुसरं म्हणजे नमुना तुम्ही दुपारी घेतलात, मासे मेल्यावर काही तासांनी. मेलेले मासे पाण्यात असताना जिवाणू वाढणारच, ते माशांवर ताव मारत होते. आणि बाटली बर्फात न ठेवता नेली असेल तर वाटेतसुद्धा संख्या वाढली असणार. त्या अहवालावरून जिवाणूंनी मासे मारले असं म्हणता येत नाही. मासे मेल्यानंतर तळ्यात काय चाललं होतं एवढंच तो सांगतो.

मग मासे कशानं मेले? हिशेब करू. तुमच्या तळ्यात साडेचार लाख लिटर पाणी आहे. ३० अंश तापमानाच्या पाण्यात, हवा पुरेपूर मिसळली तरी लिटरमागे सुमारे साडेसात मिलिग्रॅमच ऑक्सिजन विरघळतो. पाणी जितकं गरम, तितका हा आकडा खाली. म्हणजे अख्ख्या तळ्यात मिळून साडेतीन किलोसुद्धा ऑक्सिजन नाही. आता एक किलो साखर जिवाणूंनी पूर्ण जाळली तर एक किलोहून थोडा जास्त ऑक्सिजन लागतो. तीनेक किलो साखर तुमच्या तळ्यातला सगळा ऑक्सिजन फस्त करू शकते. तुम्ही दोन महिन्यांत ३० किलो खाद्य टाकलंत. ते सगळं एकदम कुजत नाही, काही माशांच्या अंगी लागतं, जिवाणूही काही भाग स्वतःच्या शरीरासाठी वापरतात, आणि हवेतून व शेवाळाकडून रोज नवा ऑक्सिजन मिळत राहतो. म्हणूनच तळं दोन महिने तग धरून राहिलं. पण शिल्लक किती तुटपुंजी होती हे यावरून लक्षात येईल.

हिरव्या पाण्यात ऑक्सिजनची रोज भरती-ओहोटी चालते. दिवसा ऊन असताना शेवाळ इतका ऑक्सिजन बनवतं की दुपारी तीनला मोजलंत तर आकडा बघून तळं झकास आहे असं वाटेल. सूर्य मावळला की बनवणारं कोणी राहत नाही, खर्च करणारे मात्र सगळे असतात: मासे, जिवाणू, गाळ, आणि स्वतः शेवाळसुद्धा. रात्रभर आकडा घसरत जातो आणि सूर्योदयाच्या जरा आधी तळ गाठतो. आभाळ भरलेलं असलं की दिवसाची कमाई कमी, रात्रीचा खर्च तोच. एक दिवस निभावतं, दुसऱ्या रात्री गंगाजळी संपते. लिटरमागे तीन मिलिग्रॅमच्या खाली मासे कासावीस होतात, दोनच्या खाली बरेचसे फार काळ टिकत नाहीत.

मी अशा तळ्यावर पहाटे पाचला उभी राहिलेली आहे. ऑक्सिजन मोजायची जुनी रीत विंकलर या रसायनशास्त्रज्ञाची, १८८८ सालची, आणि मीटर आले तरी मी ती सोडलेली नाही. काचेच्या बुचाची बाटली पाण्याखाली धरून एकही बुडबुडा आत न जाऊ देता भरायची. त्यात मँगनीज सल्फेट घालायचं, मग अल्कलीयुक्त आयोडाइड, आणि बूच लावून बाटली उलटसुलट करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो. जितका ऑक्सिजन जास्त, तितका रंग गडद. त्या पहाटे बाटलीत साका धरला तो पांढराशुभ्र. दह्यासारखा. ऑक्सिजन शून्य. शेजारी मासे पाण्याच्या कडेला तोंडं वर काढून होते. पुढची मोजणी करायची गरजच उरली नव्हती.

आता अन्नसाखळीकडे येते, कारण तुमच्या प्रश्नातला हा भाग खरा महत्त्वाचा आहे. बिघाड झालाय, फक्त तो जिवाणूंपासून सुरू झालेला नाही. तो वरून सुरू झाला.

शाळेत आपण उत्पादक, भक्षक आणि विघटक शिकतो, आणि विघटक म्हणजे शेवटी उरलंसुरलं साफ करणारे असं मनात बसतं. पाण्यात ते तसं नाही. शेवाळातून पाझरणारी साखर, माशांची विष्ठा, मेलेल्या पेशी यांतलं विरघळलेलं अन्न जिवाणू टिपतात. जिवाणूंना एकपेशीय आदिजीव खातात, एखादा तासाला डझनभर सहज. शिवाय जिवाणूंना फोडणारे विषाणूही पाण्यात असतात, संख्येनं जिवाणूंच्या दसपट. आदिजीवांना प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी, खातात आणि प्राणिप्लवकांना लहान मासे. जिवाणू असे साखळीच्या मधोमध बसलेले असतात. दहा लाखांचा आकडा स्थिर राहतो तो ते वाढत नाहीत म्हणून नव्हे, तर जितके जन्मतात तितकेच खाल्ले जातात म्हणून.

या प्राणिप्लवकांतल्या एका प्राण्यावर माझा विशेष जीव आहे: डॅफ्निया, पाण्यातली पिसू. दोनतीन मिलिमीटरची, उड्या मारत पोहणारी. काचेच्या पेल्यात तळ्याचं पाणी घेऊन उजेडाकडे धरलंत तर नुसत्या डोळ्यांना दिसते. ती दिवसरात्र पाणी गाळत असते, शेवाळाच्या पेशी, जिवाणू, आदिजीव, जे सापडेल ते. डॅफ्निया भरपूर असलेलं तळं काचेसारखं स्वच्छ असतं. आणि लहान माशांचं सगळ्यात आवडतं खाद्य कोणतं, तर हीच. मोठी, संथ, चटकन दिसणारी.

१९६५ साली जॉन ब्रूक्स आणि स्टॅनली डॉडसन यांनी अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या क्रिस्टल लेकचे दोन काळांतले नमुने शेजारी ठेवून दाखवले. १९४२ मध्ये तिथे मोठ्या आकाराचे प्राणिप्लवक होते. मग प्लवक खाणारा एक लहान मासा त्या तळ्यात आला, आणि १९६४ च्या नमुन्यांत मोठे प्राणिप्लवक जवळपास गायब होते. उरले ते बारीक, फारसं पाणी न गाळू शकणारे.

तुम्ही दोन महिन्यांपूर्वी नेमकं हेच केलंत. मासे सोडले, त्यांनी डॅफ्निया संपवल्या, शेवाळाला खाणारं कोणी उरलं नाही. त्यातच खाद्यातून खत मिळालं. माशांच्या खाद्यात फॉस्फरस साधारण एक टक्का असतो, ३० किलो खाद्यात ३०० ग्रॅम. एक ग्रॅम फॉस्फरसवर साधारण शंभर ग्रॅम कोरडं शेवाळ उभं राहू शकतं. फॉस्फरसचा जोर किती हे कॅनडात लेक २२६ नावाच्या तळ्यात डेव्हिड शिंडलर यांच्या गटानं १९७३ साली दाखवून दिलं. त्यांनी तळ्यात मधोमध पडदा टाकला, दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन घातला, फॉस्फरस मात्र एकाच भागात. तोच भाग हिरवा झाला. वरून काढलेल्या छायाचित्रात अर्धं तळं हिरवं आणि अर्धं निळंशार दिसतं.

तुमच्याकडे गाळणारे गेले आणि खत आलं, दोन्ही एकाच वेळी. शेवाळ माजलं, मेलेलं शेवाळ आणि उरलेलं खाद्य तळाशी गेलं, जिवाणूंना अन्न मिळालं, आणि ढगाळ दोन दिवसांत ऑक्सिजनचा हिशेब तुटीत गेला.

जंतुनाशकाला माझा विरोध का, ते यावरून उलगडेल. तळाच्या गाळात मिलिलिटरमागे पाण्यापेक्षा हजारपट जिवाणू असतात. ते सगळे मरतील एवढी ब्लीचिंग पावडर टाकलीत तर माशांचे कल्ले आधी जळतील. त्यापेक्षा कमी टाकलीत तर मरतील ते नाजूक, आणि नाजूकच फार गरजेचे असतात. माशांच्या विष्ठेतला अमोनिया नायट्रेटमध्ये बदलणारे जिवाणू अगदी सावकाश वाढतात, त्यांना दुप्पट व्हायला अनुकूल परिस्थितीतही बहुधा अर्धा ते एक दिवस लागतो आणि त्यांचं बस्तान बसायला काही आठवडे. मेलेल्या पेशींवर तुटून पडणारे जिवाणू मात्र दोन दिवसांत परत येतात, कारण त्यांचं अन्न तुम्ही नुकतंच वाढवलेलं असतं. म्हणजे जिवाणूंची संख्या पुन्हा होती तेवढी, आणि वर अमोनिया साचलेला. हिरव्या पाण्याचा सामू दुपारी नऊच्या वर जातो आणि त्या स्थितीत अमोनिया माशांना जास्त विषारी ठरतो.

शेवाळ मारण्याबद्दलही हेच. कामाला लागल्यावर चौथ्या वर्षी एका हिरव्या तळ्यासाठी मी पूर्ण तळ्यात मोरचूद टाकायला होकार दिला होता. दुसऱ्या दिवशी पाण्याचा हिरवेपणा उतरला, सगळे खूश. चौथ्या पहाटे सगळे मासे मेले. शेवाळ एकदम मेलं, तळाशी बसलं आणि कुजलं. ऑक्सिजन बनवणारा गेला आणि खाणाऱ्यांना ताट वाढून मिळालं. ते मासे माझ्या सल्ल्यामुळे मेले, हे मी त्या तळ्याच्या मालकांना सांगितलं. तेव्हापासून गरम दिवसांत संपूर्ण तळ्यावर शेवाळनाशक टाकायला मी कोणालाच सांगत नाही.

बाजारात ‘उपयुक्त जिवाणूं’च्या बाटल्या मिळतात, त्यांबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. त्यांनाही ऑक्सिजन लागतो आणि त्यांनाही आदिजीव खातात. सध्या त्यावर पैसे घालवू नका.

आज करायचं ते असं. मेलेले मासे आणि वर जमलेली साय जाळीनं काढून तळ्यापासून लांब पुरा. खाद्य पूर्ण बंद, आठ दिवस. जिवंत मासे उपाशी मरणार नाहीत, तळ्यात त्यांना खायला भरपूर आहे. एअरेटर किंवा पाणी उंचावरून परत तळ्यात पाडणारा पंप मिळवा आणि मध्यरात्रीपासून सूर्योदयानंतर तासभर चालवा. एकच लक्षात ठेवा, पंपाचं तोंड तळाशी ठेवून गाळ ढवळू नका. गाळालगतच्या पाण्यात ऑक्सिजन नसतो, हायड्रोजन सल्फाइड असू शकतो, आणि ते वर आलं तर उरलेले मासेही जातील. कुजक्या अंड्यांसारखा वास आला तर पंप लगेच वर घ्या. स्वच्छ पाण्याची सोय असेल तर रोज दहा टक्के पाणी बदला, नळाचं असेल तर क्लोरीन उडून जाईपर्यंत साठवून मगच.

लहान मासे कमी करावे लागतील. किती, हे उरलेत किती त्यावर ठरेल, पण निम्मे तरी दुसरीकडे हलवायची तयारी ठेवा. ते गेल्याशिवाय डॅफ्निया परत येणार नाहीत. काठाच्या एका भागात पाणवनस्पती लावल्यात तर डॅफ्नियांना दिवसा लपायला जागा मिळेल आणि वनस्पती थोडा फॉस्फरसही शोषतील. गाळात साठलेला फॉस्फरस मात्र ऑक्सिजन कमी झाला की पुन्हा पाण्यात उतरतो, म्हणून खाद्य थांबवल्यावर आठवड्यात पाणी निवळेल अशी अपेक्षा धरू नका. एक पूर्ण ऋतू लागू शकतो.

आणि मोजा. ऑक्सिजनचा साधा संच घ्या आणि आठ दिवस रोज दोनदा नोंद करा, एकदा सूर्योदयाआधी आणि एकदा दुपारी तीनला, पृष्ठभागाजवळ आणि तळाजवळ वेगवेगळी. सोबत २० सेंटिमीटर व्यासाची पांढरी ताटली दोरीला बांधून पाण्यात सोडा आणि ती दिसेनाशी होते ती खोली लिहून ठेवा. ती ३० सेंटिमीटरच्या आत असेल तर पंप एकही रात्र बंद ठेवू नका. काचेच्या पेल्यात पाणी धरून डॅफ्निया दिसतात का तेही पाहा, एखादी दिसली तरी लिहा. या नोंदी घेऊन परत या, मासे किती ठेवायचे ते त्यांवरून नक्की ठरवता येईल.